आभासी विश्वे आणि विज्ञानशिक्षण

संगणकाने निर्माण केलेल्या ज्या कृत्रिम परिसरात अनेक व्यक्ती आपापल्या ठिकाणांहून एकाच वेळी प्रवेश करू शकतात, परस्परांशी संवाद साधू शकतात आणि तेथील वस्तूंवर कृती करून तिचा परिणाम तत्काळ पाहू शकतात, त्यास ‘आभासी विश्व’ असे म्हणतात. या परिसरात प्रत्येक व्यक्तीचे एक चित्ररूप वावरत असते. त्यास ‘प्रतिरूप’ किंवा ‘अवतार’ अशी संज्ञा आहे. अशा परिसरास निश्चित उद्दिष्ट, नियम, गुणांकन व स्पर्धा यांची जोड मिळाली म्हणजे त्यास ऑनलाइन खेळाचे रूप येते. मनोरंजनासाठी उदयास आलेल्या या माध्यमाचा उपयोग विसाव्या शतकाच्या अखेरीपासून विज्ञान शिकविण्यासाठी, तसेच शास्त्रज्ञ व सामान्य नागरिक यांच्या सहकार्याने प्रत्यक्ष संशोधन करण्यासाठीही होऊ लागला आहे. प्रस्तुत नोंदीत या दोन्ही उपयोगांचे स्वरूप, त्यांची फलश्रुती व मर्यादा आणि महाराष्ट्रातील स्थिती यांचे विवेचन केले आहे.

येथे तीन संकल्पनांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. एखाद्या नैसर्गिक घटनेचे गणिती प्रतिमान संगणकावर चालवून पाहणे म्हणजे ‘सदृशीकरण’ होय, उदा., लंबकाचे आंदोलन किंवा विद्युत् मंडलातील प्रवाह. सदृशीकरण एकट्याने वापरता येते. आभासी विश्वात सदृशीकरणाच्या जोडीला इतर माणसांची उपस्थिती असते. खेळात त्याखेरीज जय-पराजय असतो. विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने यांपैकी कोणते साधन वापरले, हा प्रश्न दुय्यम आहे. ते वापरताना विद्यार्थी प्रश्न उपस्थित करतो काय, गृहीतक मांडून ते तपासतो काय आणि ते चुकीचे ठरल्यास बदलतो काय, हा मुख्य प्रश्न होय.

पूर्वपीठिका : खेळाच्या द्वारे शिक्षण देण्याची कल्पना भारतास नवीन नाही. सापशिडीचे मूळ रूप मानला जाणारा मोक्षपट हा खेळ मराठी परंपरेत संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. सद्‌गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप यांच्या योगे त्यातून नीतीचा बोध केला जाई. मात्र मोक्षपटात खेळाडूची गती कवड्यांच्या दानावर अवलंबून असते. त्याच्या निर्णयाला तेथे वाव नसतो. विज्ञानशिक्षणास उपयुक्त खेळ याच ठिकाणी वेगळा पडतो. त्यात फळ मिळते ते निवडीचे, आणि ती निवड का चुकली हे शोधून काढता येते.

संगणकाच्या क्षेत्रात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली आरंभ झालेली ‘प्लेटो’ ही अध्यापनप्रणाली या दिशेने पडलेले पहिले मोठे पाऊल समजली जाते. पुढे या प्रणालीवर एकाच वेळी अनेक जणांनी खेळावयाचे खेळही तयार झाले. १९६७ साली सीमूर पॅपर्ट व त्यांचे सहकारी यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा सिद्ध केली. मुलाने ज्ञान ग्रहण करीत न बसता एखाद्या छोट्या विश्वात स्वतः काही घडवून पाहावे, असा पॅपर्ट यांचा आग्रह होता. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी १९७८ साली केवळ शब्दांनी वर्णिलेले, अनेकांनी मिळून वावरण्याचे पहिले आभासी विश्व रचले. इंटरनेटचा प्रसार झाल्यावर या विश्वांना चित्ररूप आले. ‘सेकंड लाइफ’ (२००३) व ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) यांसारख्या विश्वांत लक्षावधी लोक वावरू लागले आणि शिक्षणशास्त्रज्ञांचे लक्ष त्यांकडे वेधले गेले.

कार्यपद्धती : आभासी विश्वाचे मूळ प्रतिमान एका मध्यवर्ती संगणकात साठविलेले असते. त्या विश्वातील प्रत्येक वस्तूचे स्थान, गुणधर्म व स्थिती यांची नोंद तेथे असते. सहभागी व्यक्तीने केलेली कृती मध्यवर्ती संगणकाकडे जाते, ठराविक नियमांनुसार तिचा परिणाम काढला जातो आणि बदललेली स्थिती सर्व सहभागी व्यक्तींच्या संगणकांना कळविली जाते. हे नियम निसर्गनियमांना अनुसरून असले, तर त्या विश्वात प्रयोग करता येतात. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत जे अशक्य, धोक्याचे, अतिशय मंद वा अतिशय खर्चाचे असते ते येथे साध्य होते. रोगाची साथ दोनदा घडवून आणता येते व दुसऱ्या वेळी एकच घटक बदलून फरक पाहता येतो. शंभर वर्षांची धूप काही मिनिटांत दाखविता येते.

तथापि हे विश्व नियमकर्त्याने घातलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. निसर्ग कधीकधी शास्त्रज्ञास अनपेक्षित उत्तर देतो. सदृशीकरण मात्र त्यात गृहीत धरलेल्या नियमांचीच उत्तरे देते, मग ती कितीही गुंतागुंतीची असोत. म्हणून आभासी प्रयोगाची प्रत्यक्ष निरीक्षणाशी सांगड घालणे हे या पद्धतीचे अपरिहार्य अंग मानले पाहिजे.

शालेय विज्ञानातील उपयोग : या संदर्भात हार्व्हर्ड विद्यापीठातील क्रिस डीड व त्यांचे सहकारी यांनी माध्यमिक शाळांसाठी तयार केलेली ‘रिव्हर सिटी’ ही योजना विशेष उल्लेखनीय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, नदीकाठी वसलेले एक काल्पनिक शहर हे तिचे स्थळ होय. शहरात आजार पसरलेला असतो. विद्यार्थी लहान गटांनी त्यात प्रवेश करतात, रहिवाशांशी बोलतात, रुग्णालयातील नोंदी पाहतात, पाण्याचे नमुने तपासतात व डासांची गणना करतात. आजार एकच नसून पाण्यावाटे, कीटकांवाटे व माणसांच्या संसर्गातून पसरणारे निरनिराळे आजार एकमेकांत मिसळलेले असतात. त्यांची उकल करण्यासाठी विद्यार्थ्यांना एक घटक बदलून उर्वरित घटक स्थिर ठेवावे लागतात. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे व्याख्या पाठ करून जेवढे समजत नाही तेवढे येथे गरजेपोटी समजते. अखेरीस प्रत्येक गट आपला निष्कर्ष शहराच्या महापौरास पत्ररूपाने कळवितो.

कॅलिफोर्नियातील जेम्स बॉवर यांच्या पुढाकाराने १९९९ साली सुरू झालेल्या ‘व्हायव्हिल’ या मुलांच्या आभासी नगरात एक कृत्रिम रोग सोडण्यात आला होता. रोग झालेल्या प्रतिरूपाच्या चेहऱ्यावर पुरळ दिसे व बोलताना मध्येच शिंक येई. त्या निमित्ताने मुलांनी संसर्गाची चर्चा केली व रोगाच्या प्रसाराविषयी अंदाज बांधले.

सदृशीकरणाच्या उपयुक्ततेचा एक प्रत्यय कोलोरॅडो विद्यापीठातील प्रयोगातून आला. भौतिकीचे नोबेल पारितोषिक (२००१) मिळविणारे कार्ल वीमन यांनी २००२ साली तेथे ‘फेट’ हा सदृशीकरणांचा प्रकल्प सुरू केला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्युत् मंडलांचा धडा काही विद्यार्थ्यांनी खऱ्या तारा व दिवे वापरून, तर काहींनी सदृशीकरणाच्या साहाय्याने गिरविला. पुढे संकल्पनांच्या चाचणीत व खरे मंडल जोडण्याच्या कामातही सदृशीकरण वापरणारा गट सरस ठरला. सदृशीकरणात तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन दिसतात. खऱ्या तारेत ते दिसत नाहीत. अदृश्य गोष्ट दृश्य करणे हे या साधनाचे बलस्थान होय. मात्र हा निष्कर्ष त्या विषयापुरता व त्या रचनेपुरता आहे. त्यावरून प्रयोगशाळा अनावश्यक ठरत नाही.

करमणुकीसाठी खेळल्या जाणाऱ्या खेळांतही वैज्ञानिक विचारपद्धती आढळते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर व शॉन डंकन यांनी २००८ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंच्या सुमारे २,००० लिखित चर्चानोंदींचे विश्लेषण केले. त्यांपैकी ८६ टक्के नोंदींत खेळाडू एकत्रितपणे ज्ञानाची उभारणी करीत असल्याचे दिसून आले. काही खेळाडू शत्रूच्या वर्तनाचे आकडे गोळा करीत, गणिती सूत्रे मांडीत आणि दुसऱ्याचे सूत्र आकड्यांच्या आधारे खोडून काढीत. कोणी शिक्षक सांगत नसताना हे घडत होते, हे महत्त्वाचे होय.

याच खेळात सप्टेंबर २००५ मध्ये एक घटना योगायोगाने घडली. केवळ एका बंदिस्त रणक्षेत्रापुरता योजलेला एक सांसर्गिक शाप पाळीव प्राण्यांच्या मार्फत बाहेर पडून शहरांत पसरला. दुर्बल खेळाडू झपाट्याने मरू लागले. काहींनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, काही पळाले, तर काहींनी मुद्दाम रोग पसरविला. शेवटी खेळाच्या चालकांना मध्यवर्ती संगणक नव्याने सुरू करावे लागले. एरिक लॉफग्रेन व नीना फेफरमन यांनी २००७ साली या घटनेचा साथरोगशास्त्राच्या दृष्टीने विचार मांडला. माणसांच्या वर्तनाची सूत्रे गृहीत धरावी लागणाऱ्या गणिती प्रतिमानांपेक्षा येथे खऱ्या माणसांचे वर्तन मिळाले होते. अर्थात खेळातील मृत्यूची किंमत अल्प असते व त्यामुळे हे वर्तन जसेच्या तसे वास्तवास लावता येत नाही.

संशोधनातील सहकार्य : शास्त्रज्ञांकडे जमा होणारी माहिती तपासण्यास त्यांचे मनुष्यबळ अपुरे पडू लागल्याने सामान्य नागरिकांचे साहाय्य घेण्याची पद्धत रूढ झाली. तिला ‘नागरिक विज्ञान’ म्हणतात. जुलै २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलक्सी झू’ या उपक्रमात स्लोन अंकीय आकाश सर्वेक्षणातील सुमारे ९ लाख दीर्घिकांची छायाचित्रे लोकांपुढे ठेवण्यात आली. दीर्घिका सर्पिल आहे की विवृत्ताकार, एवढेच त्यांनी सांगावयाचे होते. पहिल्या वर्षात सुमारे दीड लाख लोकांनी ५ कोटींहून अधिक वर्गीकरणे केली. हान्नी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेस त्यात एक अनोळखी हिरवट ज्योतिर्मय वस्तू आढळली आणि ती पुढे खगोलशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाली.

या उपक्रमातील आणखी एक गोष्ट बोधप्रद आहे. सहभागी लोकांच्या नोंदींत वामावर्त (घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणाऱ्या) सर्पिल दीर्घिकांची संख्या अधिक भरली. विश्वास एक दिशा अधिक प्रिय आहे काय, असा प्रश्न त्यातून उद्भवला. तेव्हा काही छायाचित्रे आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटी करून दाखविण्यात आली. तरीही वामावर्त दीर्घिकाच अधिक भरल्या. दोष विश्वात नसून पाहणाऱ्याच्या नजरेत होता. उपकरणाची पारख करावी तशी निरीक्षकाचीही पारख करावी लागते, हा धडा शास्त्रज्ञांना व सहभागी नागरिकांना एकाच वेळी मिळाला.

‘फोल्डइट’ हा खेळ वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड बेकर, झोरान पोपोव्हिच, सेथ कूपर व त्यांचे सहकारी यांनी २००८ साली प्रसृत केला. प्रथिनाची साखळी कोणत्या आकारात दुमडते, हे शोधणे जीवरसायनशास्त्रातील कठीण कूट होते [→ प्रथिने]. या खेळात खेळाडू पडद्यावरील साखळी ओढून, वळवून तिला नवनवे आकार देतो. रचनेची ऊर्जा जितकी कमी तितके गुण अधिक. त्यामुळे निसर्गाचा नियम हाच खेळाचा गुणांकनाचा नियम ठरतो. माकडांना होणाऱ्या एड्ससदृश रोगाशी संबंधित व्हायरसातील एका एंझाइमाची रचना एका दशकाहून अधिक काळ उलगडली नव्हती. खेळाडूंनी तिचे पुरेसे अचूक प्रतिमान अवघ्या तीन आठवड्यांच्या मुदतीत सादर केले व त्याच्या आधारे ती रचना निश्चित झाली. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले.

खेळाडू आपल्या यशस्वी चालींचे संच ‘पाककृती’ या नावाने इतरांना देत आणि इतर त्यांत सुधारणा करीत. अशा सुधारणांतून निर्माण झालेली एक कृती शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या, परंतु तोवर अप्रकाशित असलेल्या रीतीशी मिळतीजुळती निघाली. सहकार्याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. पुढे खेळाडूंनी निसर्गात नसलेली नवी प्रथिने रचण्याचा प्रयत्न केला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगशाळेत तपासलेल्या त्यांच्या १४६ रचनांपैकी ५६ स्थिर ठरल्या.

याच वळणाच्या ‘एटेर्ना’ या खेळात खेळाडू आरएनए रेणूंची रचना करतात आणि निवडक रचना प्रत्यक्ष प्रयोगशाळेत तयार करून त्यांचा निकाल खेळाडूंना कळविला जातो. पडद्यावर उत्तम दिसणारी रचना परीक्षानळीत अपयशी ठरली, तर खेळाडूला आपला नियम बदलावा लागतो. आभासी व वास्तव यांची गाठ येथे सर्वांत घट्ट बांधली गेली आहे.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्रात या क्षेत्रातील सर्वांत लक्षणीय काम रेडिओ खगोलशास्त्रात झाले आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिने केलेल्या आकाश सर्वेक्षणातील प्रतिमा सर्वांस खुल्या असतात. आनंद होता यांनी एप्रिल २०१३ मध्ये ‘रॅड ॲट होम’ हा उपक्रम सुरू करून विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणि पदवीधरांना या प्रतिमांतून वैशिष्ट्यपूर्ण दीर्घिका शोधण्यास शिकविले. यात गुण वा पारितोषिके नाहीत. शिबिरांत प्रशिक्षण मिळालेले सदस्य इंटरनेटवरील सामाजिक माध्यमाद्वारे एकत्र येऊन रेडिओ, दृश्य व इतर तरंगलांबींच्या प्रतिमा एकमेकींवर ठेवून चर्चा करतात. या उपक्रमातून प्रकाशात आलेल्या एका दीर्घिकेचे वर्णन २०२२ साली प्रसिद्ध झाले. तिच्यातून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळून भूछत्राच्या आकाराचा बुडबुडा निर्माण झाल्याचे त्यात दाखविले आहे. मोठ्या विद्यापीठापासून दूर असलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यास जागतिक दर्जाच्या दुर्बिणीची माहिती हाताळता येते, हे या उपक्रमाचे सामाजिक मोल होय.

प्रयोगशाळांच्या अभावावर उपाय म्हणून केंद्र शासनाच्या माहिती व संप्रेषण तंत्रविद्येद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेखाली ‘आभासी प्रयोगशाळा’ उभारण्यात आल्या. या प्रकल्पाचे समन्वयन दिल्ली येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेकडे असून महाराष्ट्रातून मुंबईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था व पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय (आता तंत्रशास्त्रीय विद्यापीठ) यांनी त्यात भाग घेतला. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अमृता विश्वविद्यापीठ व मुंबईचे सी-डॅक केंद्र यांनी ‘ओलॅब्ज’ हा उपक्रम विकसित केला. ‘फेट’ प्रकल्पातील अनेक सदृशीकरणे मराठीत भाषांतरित झाली आहेत. मात्र ही बहुतेक साधने एकट्याने वापरावयाची सदृशीकरणे आहेत. अनेकांनी मिळून शोध घ्यावा, असे मराठी भाषेतील आणि मराठी मुलखाच्या प्रश्नांवर आधारलेले विश्व निर्माण करण्याचे क्षेत्र अद्याप मोकळेच आहे.

पंचगंगेचे उदाहरण : असे विश्व कसे असावे, हे स्पष्ट करण्यासाठी कोल्हापूर परिसराचे उदाहरण घेता येईल. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा सिद्ध होते (पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते) व नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. कोल्हापुरात नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फूट ही इशाऱ्याची व ४३ फूट ही धोक्याची पातळी होय. २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत ही पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली होती. पावसाळ्यात हे आकडे जिल्ह्यातील शाळकरी मुलांच्याही तोंडी असतात; परंतु पातळी नेमकी कशामुळे वाढते, याविषयी मतांचाच पूर अधिक असतो.

या नदीचे आभासी प्रतिमान तयार केल्यास विद्यार्थ्यांचे गट निरनिराळ्या भूमिका घेऊ शकतात. एक गट राधानगरी धरणाचा अभियंता होईल. त्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी ठराविक मर्यादेस पोहोचताच आपोआप उघडतात, हे त्यास ध्यानात ठेवावे लागेल. दुसरा गट आंबेवाडी-चिखलीचे ग्रामस्थ, तिसरा शिरोळचे ऊस उत्पादक आणि चौथा शहरातील आपत्तिव्यवस्थापक होईल. पाणलोटातील पाऊस, धरणांतील साठा, पात्राची रुंदी, पूररेषेतील बांधकामे, रस्त्यांचे भराव आणि कृष्णेतील फुगवटा हे चल घटक असतील. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीचा कोल्हापूर-सांगलीच्या पुराशी कितपत संबंध आहे, हा दीर्घकाळ चाललेला वाद आहे. विद्यार्थी इतर सर्व घटक स्थिर ठेवून केवळ तो एक घटक बदलून पाहतील आणि आपल्या उत्तराची पावसाच्या व पातळीच्या उपलब्ध नोंदींशी तुलना करतील. प्रतिमानाचे उत्तर नोंदीशी जुळले नाही, तर काय राहून गेले, याचा शोध घेणे हाच धड्याचा खरा गाभा ठरेल.

पाण्याच्या गुणवत्तेच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. ‘रिव्हर सिटी’तील विद्यार्थी कल्पित नगरातील आजाराचे मूळ शोधतात, पंचगंगेकाठच्या विद्यार्थ्यास तसा प्रश्न कल्पनेतून निर्माण करावा लागत नाही. प्रतिमानावर अभ्यास झाल्यावर तो घाटावर जाऊन पाण्याचा नमुना घेऊ शकतो व आपल्या अंदाजाची परीक्षा करू शकतो. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. नकाशे, नोंदी, थोडे संगणक आणि चुकीच्या उत्तरास घाई न करता सामोरा जाणारा शिक्षक पुरेसा होतो.

मूल्यमापन व मर्यादा : अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०११ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. सदृशीकरणामुळे विज्ञानातील संकल्पनांचे आकलन वाढते, याचे आशादायक पुरावे त्यात नोंदविले आहेत. खेळांच्या बाबतीत मात्र तोवरचे पुरावे निर्णायक नसल्याचे म्हटले आहे. खेळाडूस गुण मिळविण्याची युक्ती साधते, परंतु तिच्यामागील तत्त्व उमगतेच असे नाही. खेळ संपल्यावर काय केले, का केले व काय चुकले, याची चर्चा घडवून आणणारा शिक्षक नसेल, तर खेळाची केवळ करमणूक होते.

संशोधनातील दाव्यांबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठाच्या ‘क्वांटम मूव्ह्ज’ या खेळात खेळाडूंनी संगणकीय रीतींवर मात केल्याचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला होता. पुढील तपासणीत तो टिकला नाही व तो शोधनिबंध २०२० साली मागे घेण्यात आला. माणसाची अंतःप्रेरणा यंत्राहून श्रेष्ठ आहे, हे ऐकावयास प्रिय वाटते. म्हणूनच ते अधिक काटेकोरपणे तपासले पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित ‘अल्फाफोल्ड’ या प्रणालीने २०२० साली प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करण्यात मोठी मजल मारली. प्रथिनांच्या अभिकल्पाबद्दल डेव्हिड बेकर आणि रचनांच्या भाकिताबद्दल डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जे कूट खेळाडू हाताने सोडवीत, ते आता बव्हंशी यंत्र सोडविते. परंतु त्यामुळे खेळाडूंनी मिळविलेले शिक्षण वाया गेले, असे म्हणता येत नाही.

खाजगी मालकीच्या आभासी विश्वांवर अवलंबून राहण्यात आणखी एक धोका आहे. खगोलशास्त्रज्ञांनी ‘सेकंड लाइफ’मध्ये व्याख्याने व चर्चा यांसाठी एक संस्था स्थापन केली होती, तिचे कार्य २०१२ साली थांबले. चालकाचे धोरण बदलले, वर्गणी वाढली किंवा लोकांचा ओघ आटला, की तेथे उभारलेले सर्व काम नाहीसे होते. शिक्षणासाठी उभारलेली विश्वे शक्य तितकी सार्वजनिक व खुली असावीत, असे मत त्यामुळे मांडले जाते.

भारतात ऑनलाइन खेळ म्हटले, की पालकांच्या मनात प्रथम व्यसनाची व पैशाच्या नाशाची भीती उभी राहते आणि ती निराधार नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली असून ई-क्रीडा व शैक्षणिक-सामाजिक खेळ यांना त्यापासून वेगळे मानले आहे. हा भेद शाळांनीही समजून घेणे अगत्याचे आहे. खेळाडूस पडद्यापुढे जास्तीत जास्त वेळ खिळवून ठेवणे हे व्यापारी खेळाचे उद्दिष्ट असते. विज्ञानाच्या खेळाने मात्र त्यास योग्य वेळी पडद्यापासून उठवून घाटावर, शेतात किंवा प्रयोगशाळेत नेले पाहिजे.

साधनांच्या विषम वाटपाचा प्रश्नही गंभीर आहे. गगनबावडा किंवा चंदगड तालुक्यातील डोंगराळ भागात पावसाळ्यात वीज व संपर्क यांचा भरवसा नसतो. त्यामुळे इंटरनेटविना एका खोलीतील काही संगणकांवर चालू शकतील अशा रचना अधिक उपयोगी ठरतात. भाषेचे महत्त्व तर त्याहून मोठे आहे. इंग्रजी सूचना वाचण्यातच ज्याची शक्ती खर्च होते, तो विद्यार्थी गृहीतक मांडण्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि सहकार्याने शिकण्याचा पायाच मुळी बोलणे हा आहे. ज्या भाषेत मुले भांडतात, त्याच भाषेत ती पुराव्यानिशी वाद घालावयास शिकली, तर विज्ञानाची पद्धत त्यांच्या अंगवळणी पडते.

आभासी विश्वाचे शैक्षणिक मूल्य त्याच्या चित्रांच्या हुबेहूबपणावर ठरत नाही. त्यात विद्यार्थ्याला चूक करण्याची, ती ओळखण्याची आणि इतरांच्या मदतीने ती सुधारण्याची संधी कितपत मिळते, यावर ते ठरते. ‘गॅलक्सी झू’तील उलट्या प्रतिमा, ‘एटेर्ना’तील परीक्षानळी व राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीची नोंद यांचे कार्य एकच आहे, कल्पनेस वास्तवाच्या कसोटीवर उतरविणे. ही कसोटी ज्या विश्वात उपलब्ध आहे, ते आभासी असूनही विज्ञानाचे क्षेत्र होय.